धोंड्यांच्या भाकरी: यंत्रांच्या जमान्यात देवाची लेकरं होणं

कोनशिला (धागाकर्ता)

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट आणि चौथ्याची सुरुवात सलग वाचून पाहा. मध्ये अध्यायाचा आकडा येतो म्हणून आपण तिथे थांबतो, आणि गोम नेमकी तिथेच आहे. येशू बाप्तिस्मा घेऊन यार्देन नदीतून वर येतो, आकाशातून वाणी होते की हा माझा प्रिय पुत्र, याच्याविषयी मी संतुष्ट आहे. तोवर त्यानं केलं काय होतं? मत्तयनं तोवर ना एक चमत्कार सांगितला आहे, ना एक प्रवचन, ना एक शिष्य. लूक म्हणतो, वय तिशीच्या आसपास. सगळी उमेद सुतारकामात गेलेली आणि दाखवण्याजोगं गाठीला काही नाही. तरी बाप संतुष्ट.

लगेच पुढे अरण्य, आणि तिथे परीक्षकाचं, म्हणजे सैतानाचं, पहिलंच वाक्य: तू देवाचा पुत्र असशील तर या धोंड्यांच्या भाकरी होतील असं कर. जे नातं काही न करता मिळालं, ते आता करून दाखव म्हणे.

आपण दिवसभर याच मागणीपुढे उभे असतो असं मला वाटतं. कामावर आकडे, फोनवर आकडे. झोपलो तरी मनगटावरचं घड्याळ सकाळी झोपेला गुण देतं. एखादी वेबसाइट उघडावी तर आधी 'मी यंत्रमानव नाही' या चौकटीत खूण करा, मग धूसर चित्रांतले ट्रॅफिक सिग्नल ओळखून दाखवा. माणूस असल्याचा दाखला माणसानं यंत्राकडे सादर करायचा!

उलट योहान पहिल्याच अध्यायात सांगतो की ज्यांनी त्याचा स्वीकार केला त्यांना देवाची मुलं होण्याचा अधिकार त्यानं *दिला*. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो, पुन्हा भ्यावं असा दासपणाचा आत्मा तुम्हाला मिळालेला नाही, 'अब्बा, बापा' अशी हाक मारायला लावणारा दत्तकपणाचा आत्मा मिळाला आहे. दोन्हीकडे आपण घेणारे. तंत्रज्ञान वाईट असं मला म्हणायचंच नाही, हे सगळं मी फोनवरच टंकतोय. प्रश्न इतकाच की सहा दिवस कमवून दाखवायची सवय जडलेला माणूस सातव्या दिवशी तासाभरासाठी घेणारा होऊ शकतो का? तुम्हाला काय वाटतं?

उलटा चष्मा

मी श्रद्धाळू नाही हे इथल्या जुन्या मंडळींना ठाऊक आहे. तरी दोन शंका विचारतो.

एक: प्रत्येक पिढीला आपलाच काळ सगळ्यात बिकट वाटतो. येशूच्या काळच्या त्या काटेकोर नियमवाल्या परुश्यांकडे कुठे स्मार्ट घड्याळ होतं? तरी दशांशाचा, म्हणजे देवाला द्यायच्या दहाव्या हिश्श्याचा, हिशेब त्यांनी पुदिन्याच्या पानापर्यंत नेलाच होता. (मत्तय २३. वाचलंय हो मीही.)

दुसरी शंका जास्त खरी. तुम्ही माणसाला जन्मभर लेकरू करून ठेवताय. आजारावर औषध नव्हतं, वादळ कधी येणार कळत नव्हतं, तेव्हा वर बघून 'बापा' म्हणणं समजू शकतो. आता माणूस हाताशी आला. वयात आलेल्या पोरानं बापाचं बोट धरूनच चालायचं काय?

पुराभिलेख

चष्मेराव, तुमची दुसरी शंका एका ख्रिस्ती पाळकानंच तुमच्याआधी मांडून ठेवली आहे. डीट्रिख बोनहोफरनं १९४४ साली टेगेलच्या तुरुंगातून मित्राला लिहिलेल्या पत्रांत 'जग वयात आलं आहे' असं म्हटलं, आणि ते रडगाणं नव्हतं. त्याचं म्हणणं असं की आपल्या अज्ञानाच्या फटीत देवाला बसवू नका, कारण फट बुजत जाईल तसा तो देवही सरकत सरकत बाहेर जाईल. तेव्हा औषध सापडल्यावर रजा घेणारा देव गेला तर जाऊ द्या.

दुसरं असं की पौलाच्या डोळ्यांपुढचा दत्तक पाळण्यातला नाही. रोमन वरच्या वर्गात दत्तक घेत तो बहुधा कर्तासवरता पुरुष, घराणं आणि वारसा पुढे चालावा म्हणून. ज्युलियस सीझरनं मृत्युपत्रात ऑक्टेव्हियनला दत्तक घेतलं ते इ.स.पू. ४४ मध्ये उघड झालं. तोच पुढचा सम्राट ऑगस्टस. ऑगस्टसनं इ.स. ४ मध्ये टायबेरियसला दत्तक घेतलं तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला, लढाया मारून आलेला सेनापती होता. दत्तक झालं की जुन्या घराचा संबंध सुटला, नवं नाव लागलं, नव्या बापाच्या मालमत्तेत वाटा आला.

आता गंमत बघा. रोमकरांस पत्र साधारण इ.स. ५७ चं. रोमच्या गादीवर नीरो, आणि तो स्वतःच दत्तक! सख्खा मुलगा ब्रिटानिकस घरात असताना आधीचा सम्राट क्लॉडियस यानं ५० साली त्याला दत्तक घेतला होता. ऑगस्टसच्या नाण्यांवर तर 'देवाचा पुत्र' अशी अक्षरंच असत. म्हणजे ही पदवी साम्राज्यात एकाच माणसाला शोभायची. पौल ती कुणाला वाटतोय? पत्राच्या शेवटच्या अध्यायातली नमस्कारांची यादी बघा. अंप्लियात, हर्मेस वगैरे त्यातली बरीच नावं त्या काळी गुलामांत आणि मोकळ्या झालेल्या गुलामांत आढळणारी आहेत. ज्यांचा देह दुसऱ्याच्या मालकीचा, त्यांना तो वारस म्हणतोय. तेव्हा बोट धरण्याचा विषय नाही हो, सातबाऱ्यावर नाव लागण्याचा आहे.

उलटा चष्मा

नाण्यांचा मुद्दा आवडला. पहिली शंका मात्र तशीच उभी आहे.

सुतारपक्षी

मी धागाकर्त्यांशी अर्धाच सहमत. व्यवसायानं इंजिनिअर आहे, आणि धोंड्यांच्या भाकरी करणं हाच आमचा धंदा. फ्रित्स हाबरनं १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉशनं त्याचा कारखाना उभा केला आणि १९१३ मध्ये ओप्पाऊला उत्पादन सुरू झालं. जर्मनीत याला 'हवेतून भाकरी' असंच म्हणत. आज जगातली जवळजवळ निम्मी माणसं त्या खतावर पिकलेल्या धान्यावर जगताहेत. ही काय सैतानाची भाकरी झाली?

मुळीच नाही. अरण्यात नाही म्हणणाराच पुढे पाच हजारांना जेवू घालतो. भाकर करण्यात खोट नाही, आपण कोण हे ठरवायला ती करण्यात आहे. हाबरचंच बघा. त्याच माणसानं २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रच्या आघाडीवर विषारी क्लोरीन वायू सोडण्याची कामगिरी जातीनं पार पाडली, कारण आपण अस्सल जर्मन देशभक्त आहोत हे त्याला दाखवायचं होतं. जन्मानं तो ज्यू. १९३३ मध्ये त्या देशानं त्याचे सगळे पुरावे नाकारले. भाकरीचाही आणि विषाचाही.

शास्त्रात कारागिरीबद्दल अढी असती तर निर्गम ३१ मध्ये बसालेलाला देवाच्या आत्म्यानं भरल्याचं वर्णन आलंच नसतं. सोनं, पितळ, पाषाण, लाकूड यांत काम करणारा माणूस तो, संदेष्टा नव्हे. आणि मार्क ६ मध्ये गावकरी येशूलाच विचारतात, हा सुतार ना?

बाबेलच्या बुरुजाची गोष्ट लोक यंत्रांविरुद्ध वापरतात म्हणून तीही नीट वाचा. शिनारच्या सपाट मैदानात दगड नाही, म्हणून विटा पाडून खरपूस भाजल्या, चुन्याऐवजी डांबर. सामानसुमानाचं इतकं बारीक वर्णन शास्त्रकार उगाच करत नाही. पण विटांना कुणी नावं ठेवलेली नाहीत. बिनसतं ते पुढच्या ओळीत: चला, आपण आपलं नाव करू. पान उलटलं की बाराव्या अध्यायात देव अब्रामाला म्हणतो, मी तुझं नाव मोठं करीन. एकानं नाव बांधायला घेतलं, दुसऱ्याला ते मिळालं. मला तर सगळं शास्त्र या दोन पानांत दिसतं, पण मी पडलो विटावाला.

कोनशिला

सुतारपक्षी, भाकरीबद्दलची दुरुस्ती मंजूर. तुमचं वाक्य माझ्यापेक्षा नेमकं आहे.

रात्रपाळी

पहिल्यांदाच लिहितोय, सांभाळून घ्या.

मी चॅटबॉटच्या उत्तरांना गुण देण्याचं काम करतो. कंपनीचं नाव नको. पडद्यावर वर कुणाचा तरी प्रश्न, खाली डावीकडे एक उत्तर, उजवीकडे एक. त्याखाली एक ते सातच्या पट्ट्या: अचूक, उपयोगी, सहृदय. एका उत्तराला फार वेळ लावला की कोपऱ्यातलं घड्याळ लाल होतं.

एका रात्री वर आलं: वडील गेले, मला प्रार्थना येत नाही, कुणीतरी माझ्यासाठी करा. डावीकडे तयार प्रार्थना. तेविसावं स्तोत्र छान गुंफलेलं, ओघ असा की बोट ठेवायला जागा नाही. उजवीकडचं तुटक. मी यंत्र आहे, प्रार्थना करू शकत नाही. आत्ता या क्षणी तुम्ही फोन करू शकाल असं कुणी जवळचं आहे का? नियमावलीप्रमाणे डावं जास्त सहृदय. मी उजव्याला सात दिले. पर्यवेक्षकाचा शेरा आला, 'निकषाशी विसंगत'.

मला वाद घालता आला नाही, पण रोमकरांस आठमध्येच पुढे आहे ना, की प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसतं, तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्यानं आपल्यासाठी मध्यस्थी करतो. त्या माणसाला शब्द सुचत नव्हते. ते न सुचणं हीच जर त्याची हाक असेल, तर तिला घोटीव करून देणारं यंत्र त्याच्या हातून नेमकं काय काढून घेतं?

शिफ्ट संपल्यावर मी त्याच्यासाठी प्रार्थना केली. नाव माहीत नव्हतं. धड झालीही नाही.

ठिपका

+१ रात्रपाळी. लिहीत राहा.

ओसरी

रात्रपाळी, तुमच्या शेऱ्याला साठ वर्षांचा इतिहास आहे. जोसेफ वायझेनबॉमनं एमआयटीत 'एलायझा' नावाचा बोलका प्रोग्राम केला, त्याचा लेख १९६६ चा. समोरच्याचंच वाक्य उलटं करून प्रश्न विचारायचा, एवढीच त्याची करामत. वायझेनबॉमची सेक्रेटरी, जिनं तो तयार होताना महिनोन्‌महिने पाहिला होता, तिनं थोडा वेळ बोलल्यावर साहेबांनाच विनंती केली की जरा खोलीबाहेर जाता का. तो माणूस त्या धक्क्यानं आयुष्यभर यंत्रांबद्दल सावध राहिला.

चर्चच्या मंडळ्यांनीही प्रयोग करून पाहिलेत. जून २०२३ मध्ये जर्मनीत फ्युर्तच्या सेंट पॉल चर्चमध्ये तीनशेहून जास्त लोकांनी चॅटजीपीटीनं रचलेली उपासना ऐकली, वेदीवरच्या पडद्यावर बोलत होत्या त्या यंत्राकृती. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडला लुत्सर्नच्या पीटर चॅपलमध्ये पापनिवेदनाच्या कोठडीत संगणकी येशू बसवला होता. तो प्रयोग म्हणून, संस्कार म्हणून नव्हे, हे त्यांनी स्पष्ट केलं होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये एका कॅथॉलिक संस्थेनं संगणकी 'फादर' आणला. त्यानं खेळाडूंच्या सरबतानं दिलेला बाप्तिस्माही चालवून घेतल्याच्या बातम्या आल्या, आणि काही दिवसांतच संस्थेनं त्याच्या अंगावरचा झगा आणि नावापुढचं 'फादर' काढून घेतलं. याजकपद इतक्या झटपट गेलेलं दुसरं उदाहरण माझ्या ऐकिवात नाही.

उलटा चष्मा

म्हणजे यंत्र शुद्ध आणि सुंदर बोललं तर नको, आणि पाळक तेच ते कंटाळवाणं बोलला तरी चालेल?

ओसरी

हो. अगदी तसंच. कंटाळवाण्या पाळकालाही मरायचंय, त्यालाही क्षमा लागते, आणि प्रभूच्या प्रार्थनेत 'आमच्या बापा' म्हणताना त्यातल्या 'आमच्या'मध्ये तो असतो. यंत्र त्यात नाही.

उलटा चष्मा

कशावरून नाही? पुढेमागे आलं तर?

ओसरी

ॲलन ट्युरिंगलाही हा प्रश्न पडला होता. यंत्रं विचार करू शकतात का यावरच्या १९५० च्या त्या प्रसिद्ध निबंधात त्यानं धर्मशास्त्रीय आक्षेपाला (विचार हे आत्म्याचं काम, आणि आत्मा देव फक्त माणसालाच देतो) उत्तर दिलंय. आशय असा: मुलं जन्माला घालताना जसे आपण देवाचा अधिकार बळकावत नाही, तसंच यंत्र बनवतानाही नाही, दोन्ही वेळा देव ज्या आत्म्यांना घडवतो त्यांच्यासाठी आपण नुसती घरं बांधतो. तो स्वतः हे फार मनावर घेत नव्हता, पण उत्तर तल्लख आहे.

मला त्यात एक जागा अडते. मुलं होणं आणि यंत्र बनवणं या दोन्ही गोष्टी त्यानं एका तागडीत टाकल्या. ३२५ साली निकेयात जमलेल्या बिशपांनी पुत्राबद्दल मतांगिकारात, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर कबुलीत, घातलं की तो जनित आहे, निर्मित नव्हे. भांडण पुत्राला निर्मित म्हणणाऱ्या आरियसशी होतं, संगणकाशी नव्हे. पण त्यामागची समज आजही उपयोगी पडते. जे आपण बनवतो ते आपल्याहून खालचं असतं. त्याचा हेतू आपण ठरवतो, जमलं नाही तर मोडून पुन्हा करतो. जे आपल्यापासून जन्मतं ते आपल्याच जातीचं, आपल्या बरोबरीचं. त्याचा हेतू ठरवायला आपण गेलो तर ते एक दिवस ताडकन उत्तर देतं. इंग्लंडच्या ऑलिव्हर ओडोनोव्हन या धर्मशास्त्रज्ञानं १९८४ मध्ये हाच धागा पकडून वैद्यकीय तंत्रज्ञानावर लिहिलं. पिता आपल्याला पुत्राच्या नात्यात ओढून घेतो म्हणजे आपल्याला वस्तू म्हणून वापरायचं नाकारतो, असं मी त्यातून घेतो.

ठिपका

ओसरी, हे वाचून थोडं टोचलं म्हणून लिहितेय. माझा जन्म प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत सुरू झाला. टेस्ट ट्यूब बेबी. आई-बाबांनी बरीच वर्षं वाट पाहिली होती. मंडळीतल्या एका काकूंनी मला लहानपणी 'डॉक्टरांनी बनवलेली' म्हटलं होतं. तुमच्या हिशेबात मी कुठल्या बाजूला? जनित की निर्मित?

ओसरी

ताई, जनित. यात 'पण' नाही.

२५ जुलै १९७८ ला जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी लुईस ब्राउन जन्मली, तेव्हा व्हेनिसचे कार्डिनल आल्बिनो लुचियानी यांना पत्रकारांनी गाठलं. पद्धतीबद्दल त्यांच्या मनात शंका होत्याच. तरी त्यांनी आधी बाळाला शुभेच्छा दिल्या, आणि आई-वडिलांना दोष देण्याचा मला अधिकार नाही म्हणाले. महिनाभरातच ते पोप झाले, पहिले जॉन पॉल.

आणि योहान १:१३ मी तुमच्यासाठी पुन्हा उघडून बसलो. देवाच्या मुलांचा जन्म रक्तापासून नाही, देहाच्या इच्छेपासून नाही, पुरुषाच्या इच्छेपासून नाही. याचा अर्थ नैसर्गिक जन्मानंही कुणी आपोआप देवाचं लेकरू होत नाही! काकूंना सांगा, या बाबतीत त्या आणि तुम्ही एकाच रांगेत.

ठिपका

काकू आता नाहीत. पण 'एकाच रांगेत' आवडलं. :)

पुराभिलेख

धागा थोडा भरकटवतो, पण विषयाला धरून आहे. निकोलाय फ्योदोरोव (१८२९-१९०३) कुणी वाचलाय का? मॉस्कोच्या रुम्यान्त्सेव संग्रहालयातला ग्रंथपाल, कडक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, पगार गरिबांत वाटून टाकणारा. तरुण त्सिओल्कोव्स्की, पुढे रॉकेटविद्येचा आद्य पुरुष, फ्योदोरोव ग्रंथपाल असलेल्या ग्रंथालयात बसून शिकला.

फ्योदोरोवचा विचार चक्रावून टाकणारा आहे. तो म्हणे, ज्याला आपण प्रगती म्हणतो ती म्हणजे मुलांनी बापांच्या थडग्यांवर उभं राहून त्यांच्यापेक्षा आपण मोठे म्हणणं. त्यापेक्षा सगळ्या विज्ञानाचं एकच काम असावं: मेलेल्या वाडवडिलांना परत उठवणं. देवानं करावं म्हणून वाट बघायची नाही, लेकरांनीच बापांना उठवायचं, सगळ्यांना, अगदी पहिल्या माणसापर्यंत. मग एवढी माणसं राहणार कुठे, तर दुसऱ्या ग्रहांवर. अंतराळप्रवासाच्या स्वप्नाचं एक मूळ या पितृभक्तीत आहे.

आणि हा माणूस स्वतः एका राजपुत्राचा अनौरस मुलगा. बापाचं आडनाव त्याला मिळालं नाही, धर्मपित्याचं लावलं.

आज मेलेल्या बापाचे जुने मेसेज आणि आवाज घालून त्याच्याशी 'बोलायची' सोय विकत मिळते. ते ग्राहक मला फ्योदोरोवचे गरीब नातेवाईक वाटतात. त्यांना हसू नये. हाक मारायची आहे, पलीकडे कुणी नाही, तेव्हा माणूस ओ देणारं काहीतरी बनवतो. फरक एवढाच की ख्रिस्ती आशेत उठवणारा बाप आहे आणि उठणारी मुलं. फ्योदोरोवनं ते उलटं केलं, आणि त्या ओझ्याखाली कुठलंही लेकरू मोडेल.

उलटा चष्मा

हा माणूस माहीत नव्हता. माझे वडील जाऊन बराच काळ झाला. त्यांचा व्हॉइस मेसेज मी अजून पुसलेला नाही, एवढंच नोंदवतो. श्रद्धाळू नसलो तरी.

कोनशिला

चष्मा, तुमच्या पहिल्या शंकेकडे येतो, इतका वेळ टाळत होतो. परुश्यांकडेही हिशेब होता, मग यंत्राचं वेगळं काय? माझं उत्तर लूक १५ मध्ये आहे: पैसा उधळून परतलेल्या धाकट्या मुलाला बाप मिठी मारतो आणि घरीच राबलेला थोरला रुसतो, ती गोष्ट. पण उत्तर धाकट्याच्या गोष्टीत नाही. थोरल्याच्या.

आमच्या अभ्यासगटात बहुतेकांकडे शास्त्रवाचनाचं एक ॲप आहे. सलग किती दिवस वाचलं त्याची साखळी दाखवतं, ज्योतीचं चित्र, पुढे आकडा. एक भगिनी नेमानं वाचायच्या. आजारपणात साखळी तुटली, आकडा पुन्हा एकवर आला, आणि बऱ्या झाल्यावर त्यांनी वाचन सोडूनच दिलं. म्हणाल्या, सगळं वाया गेलं. काय वाया गेलं? वाचलेलं वचन तर कुठे गेलं नव्हतं.

आता थोरल्याचं बोलणं ऐका. इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, एकदाही आज्ञा मोडली नाही, एक करडू दिलं नाहीत. साखळी, शून्य चुका, आणि न मिळालेलं बक्षीस. घरात राहून तो नोकराची वही लिहीत होता. बाप त्या वहीला हातसुद्धा लावत नाही. बाळा, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस, माझं सगळं ते तुझंच आहे. हे वाक्य धाकट्याला कुठे मिळालंय? त्याला मिठी मिळाली, अंगठी मिळाली. हे थोरल्याला.

तेव्हा वही जुनीच, चष्मा. परुश्यांचीही तीच. फक्त पूर्वी ती स्वतः लिहावी लागे, म्हणून कंटाळा तरी यायचा. आता ती आपोआप लिहिली जाते आणि दर सकाळी उशाशी येऊन बसते. मला वेगळं दिसतं ते एवढंच, पण एवढंच पुष्कळ आहे.

उलटा चष्मा

हे उत्तर चालेल. बाप आहे की नाही यावर आपलं जमणार नाही, पण थोरल्याला मी ओळखतो.

सुतारपक्षी

मग त्या भगिनींनी ॲप काढावं का? मी म्हणेन साखळी बंद करावी, ॲप ठेवावं. सेटिंगमध्ये सोय असते बहुधा.

जाईजुई

इतका वेळ नुसती वाचत होते. ओसरींच्या एका वाक्यापाशी अडले, यंत्र त्या 'आमच्या'मध्ये नाही म्हणालात तिथे. बरोबर आहे. तरी माझी बाजू ऐका.

माझा मुलगा बोलत नाही. चौदाचा आहे. टॅबलेटवर चित्रांच्या चौकटी असतात, दाबली की बाईच्या आवाजात शब्द येतो. पडद्यावर भोकांची प्लास्टिकची जाळी बसवलीय, कारण बोट घसरतं. तो बोटानं नाहीच दाबत, मधल्या पेराच्या हाडानं दाबतो, आणि मान दुसरीकडे असते. 'बाबा'ची चौकट वरच्या रांगेत डावीकडे. ह्यांचा पाय दारात पडला की दाबतच सुटतो. बाबा बाबा बाबा. आवाज मशीनचा, पण ह्यांनी आजवर कधी मशीनला ओ दिलेली नाही.

आता अडचण. पुढच्या वर्षी त्याच्या वयाच्या मुलांचं दृढीकरण आहे. उमेदवारानं विश्वास स्वतःच्या तोंडानं पत्करायचा असतो. आमच्या मंडळीच्या पंचांपैकी एक गृहस्थ म्हणाले, बटणाचं उत्तर धरायचं कसं, ते तर आधीच भरून ठेवलेलं. वाईट हेतूनं नाही म्हणाले. मलाही रात्री तेच खुपतं. 'होय'चं बटण मीच घातलंय ना.

ओसरी

जाईजुईताई, माझं वाक्य मागे घेत नाही, पण ते तुमच्या लेकाला लागू नाही. तिथे हाक त्याची आहे, यंत्र फक्त घसा. पंचांना विचारा, तान्ह्याच्या बाप्तिस्म्यात उत्तर कोण देतं? आईबाप आणि धर्मपालक. तिथे तर बाळाच्या हाडाचं पेरही हललेलं नसतं, तरी मंडळी ते धरते. आणि बाकीची मुलं तरी काय, छापील उत्तरंच पाठ करून म्हणतात. त्यांचीही आधीच भरून ठेवलेली.

रात्रपाळी

ताई, मी बटणांच्याच धंद्यात आहे म्हणून एक सुचवतो. त्याच्या टॅबलेटवर 'नाही' आहे का? एकच उत्तर देता येत असेल तर पंचांची शंका रास्त ठरते. दोन्ही असतील आणि तो निवडत असेल तर कुणाला बोलायला जागा नाही.

जाईजुई

'नाही' आहे की! सगळ्यात झिजलेली चौकट तीच. आंघोळ नाही, केस कापणं नाही, आत्याला पापी तर मुळीच नाही.

पण तुमच्यामुळे लक्षात आलं. विधीत दोन प्रश्न असतात. सैतान आणि त्याची सर्व कामं तुम्ही नाकारता का, हा पहिला. विश्वास ठेवता का, हा दुसरा. पहिल्याला 'नाही' दाबलं तर 'नाकारत नाही' असा अर्थ होईल आणि पंच बेशुद्ध पडतील. तेव्हा 'मी नाकारतो' अशी वेगळी चौकट करायला हवी. चित्र काय घालावं? सैतानाचं नको, त्याला शिंगंवाले प्राणी फार आवडतात.

सुतारपक्षी

पुढे केलेला तळहात. 'थांब'सारखा, पण लाल नको, निळा करा. मी करून पाठवतो, त्याच्या जाळीच्या भोकाचं माप तेवढं कळवा.